घासलेले नंबर

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
एकोणीस वर्षं मी तिथे आयसीचे नंबर पुसले.
चारशे नंबरचा पॉलिश पेपर,
चिमटीत चिप,
वरची अक्षरं जातील इतकंच घासायचं.
जास्त नाही. जीव आत असतो.

का, तर पलीकडच्या गल्लीतल्या कुणी
आमचा स्टॅबिलायझर उघडून बघू नये, बघितला तर कळू नये.
शेठ म्हणायचे, पद्मजाबाई,
आपलं पोट ह्या काळ्या पाठींवर आहे.
खोटं नव्हतं. भिशी त्यावर, मुलाची फी त्यावर.
संध्याकाळी नखांत काळी पूड.
पिठात उतरेल म्हणून
उजवा अंगठा दुमडून भाकरी थापायचे.

मग कंपनी चाकणला गेली. तिथे आता जिम आहे.

मार्चमध्ये राबोडीहून तन्झिला मुकादम आली,
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची.
मावशी, तुमचा हात हलत नाही, एवढं सोल्डर करून द्या.
हिरवा बोर्ड, काडेपेटीएवढा,
आणि त्यावर सगळंच छापलेलं:
कुठला रेझिस्टर, किती ओहम, डायोडचं तोंड कुठे,
बिघडलं तर मीटरची पिन कुठे टेकवायची.
पाठीवर बारीक अक्षरांत नकाशा काढणाऱ्याचं नाव,
आणि खाली: करा, बदला, वाटा,
बदललेलंही उघडं ठेवा.

मी विचारलं, आणि ह्याचं पोट?
ती अडखळली.
बोर्ड विकतो तो, मावशी. नकाशा फुकट.
मला अजून पुरतं पटलेलं नाही.

पण तिसरा डाग देताना दिसलं,
दोन पॅड फार जवळ. कथील उडी मारतं.
म्हटलं, अर्धा मिलिमीटर सरकव म्हणावं त्याला.
तिने कळवलं. मी विसरले.

गणपतीनंतर नवा लॉट घेऊन आली.
पॅड सरकलेले होते.
पाठीवर नावांची रांग वाढली होती,
शेवटी लिहिलेलं: मावशी, ठाणे.
अगं, माझं नाव तरी विचारायचंस!
हसत बसली.

चिप बसवण्याआधी अंगठा
आपोआप तिच्या पाठीवरून फिरला.
खरखर लागली. अक्षरं होती.
चष्मा शोधला, खिडकीशी गेले,
मोठ्याने वाचलं: एल एम तीनशे चोवीस.

इतकी वर्षं हातात हीच होती का,
कोण जाणे.