प्रश्न क्रमांक अकरा

एका फॉर्मचे बावीस रुपये.
दिवसाला वीस जमले तर पेट्रोल जाऊन काहीतरी उरतं,
म्हणून दुपारी अडीचला मी निलम नगरच्या बोळात,
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही,
आपलंच तोंड दिसतं.

राजव्वा गुंडेटी उंबऱ्यात विड्या वळत होत्या.
"विचार की," म्हणाल्या,
"हात थांबायचे नाहीत, तोंड रिकामंच आहे."

वय? "आधारवर बघ."
शिक्षण? "चौथी. तेलुगूत."
मतदान करता?
"न चुकता. ह्या खेपेला चार बटणं होती,
अ, ब, क, ड. चारही दाबली.
आता गटार तुंबलं की अ म्हणतो, ब ला सांगा,
ब म्हणतो, ते क चं काम,
क पुण्याला असतोय,
आणि ड वारला, बिचारा, चांगला होता."
सुपातलं पान कातरून त्या पुढं म्हणाल्या,
"मधी काही वर्षं तर निवडून आलेलं कुणीच नव्हतं म्हणे.
मला लई उशिरा कळलं.
गटार तेवढंच तुंबत होतं."

प्रश्न अकरा :
स्थानिक स्वराज्य संस्थेवर आपला किती विश्वास आहे?
पूर्ण, बऱ्यापैकी, थोडा, अजिबात नाही.
"कुठलं स्वराज्य?"
मी नागरिकशास्त्रातलं सांगितलं :
वर दिल्ली, मग मुंबई,
आणि अगदी तुमच्या दाराजवळ महापालिका.
"दाराजवळ?"
त्यांनी मान लांब करून बोळाची दोन्ही टोकं बघितली.
"दाराजवळ महिबूब येतोय."

महिबूब नदाफ, चावीवाला.
सायकलच्या दांडीला लोखंडी चावी बांधून
चार दिवसांआड येतो, कधी पाच,
रात्री दोनला, कधी भर दुपारी,
रस्त्यातलं झाकण उचलून उजनीला बोळात सोडतो.
त्याच्या पोरीच्या लग्नात बोळानं वर्गणी काढून कुकर दिला.
पर्यायांत महिबूब नव्हता.
"मग 'थोडा' लिही," त्या म्हणाल्या, "वाईट नको वाटायला."
कुणाला, ते सांगितलं नाही.

शाळेत आम्हाला होतं :
तीस सालच्या मे महिन्यात हे गाव
चार दिवस इंग्रजाविना चाललं.
मला तेव्हा विचारायचं होतं,
त्या चार दिवसांत पाणी कुणी सोडलं?
झाडलं कुणी? दिवे कुणी लावले?
गुरुजी लगेच मार्शल लॉवर जायचे,
पेपरात तेच यायचं.

मी बाराव्या प्रश्नाला आलो
(गेल्या वर्षभरात एखाद्या सभेला गेलात का?)
आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं,
"नीळ्ळु वच्चिनाय!"
राजव्वांचे हात थांबले.
सूप आत, घागरी बाहेर,
बोळ दोन मिनिटांत भरला,
आणि नवल म्हणजे भांडण नाही.
पहिला नंबर बाळंतिणीच्या घराचा,
मग सुतकातल्यांचा,
मग या टोकाकडून. पुढल्या खेपेला त्या टोकाकडून.
मोटर लावायची नाही. लावली तर शेवटी.
हे कधी ठरलं?
"डोकी फुटली होती तेव्हा."
लिहिलंय कुठं?
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
की मी टॅब काखेत घेतला.

"उभा काय राहिलास, धर की."
पाइपाचं तोंड माझ्या हातात,
समोर यल्लम्मांच्या घरातलं निळं पिंप.
पाण्याला पहिल्यांदा गंजाचा वास येतो,
मग येत नाही.
काखेतला टॅब टुणटुण वाजू लागला :
बराच वेळ उत्तर नाही,
आपण अजून इथे आहात का?
हात ओले होते.
पिंप अर्धं झालं होतं.