पाचवा पाय

उम्म अल-कुवैन, रात्रीचे अकरा.
फॉर्मलिननं नाक बधिर.
ग्लिसरीनच्या थेंबात एक नर,
तिळाहून बारीक.

याची जात ठरते पाचव्या पायावरून.
सुईनं तो सोडवायचा, श्वास धरून.
डावा आखूड, उजव्याला चिमटा,
पण चिमट्यावर हा काटा?
आकृतीत नाही.

नुसैबा म्हणते, नवी जात.
मी म्हणतो, मोडका असेल,
दुसरा बघू.

बाटलीवर लिहितो : खाडीचं तोंड, चार मीटर,
पाणी चौतीस अंश.
नावापुढे प्रश्नचिन्ह.

संध्याकाळी वेंगुर्ल्याहून बाबा विचारत होते,
कसलो मासो तो?
मासो नाय, माश्याचा खाणा.
आणि ता मोजूचे पैशे गावतत तुका?

गावतत.

तेविसावा नर. सुई थरथरते.
नुसैबा, दिवा वाढव जरा.
काटा आहे.