खरड छाटणी

एप्रिलमध्ये निघायचं ठरलंय,
बागांमध्ये खरड छाटणी चालू असेल तेव्हा.
तारीख इनेशनं काढली, पंचांग न बघता.

फ्रिजवर यादी आहे, दोन हस्ताक्षरांत.
इराचा जन्मदाखला, शिक्क्यासह.
लसीचं कार्ड. अ‍ॅक्टिव्हा कुणाला द्यायची.
लग्नाचा दाखला, कारण त्यात तिच्या गावाचं नाव चुकलंय.
नोंदणी कार्यालयातले क्षीरसागर म्हणाले,
मॅडम, उच्चार सांगा, तसं लिहितो.
तिनं सांगितला. त्यांनी तीनदा खोडलं,
मग चहा मागवला.

गॅसवाल्याला अजून वाटतं इनेश म्हणजे माझा भाऊ.
इनेशभाऊंची सही लागेल, तो दारातून ओरडतो,
आणि ती गुडघ्यापर्यंत चिखलाची पँट घालून
बागेतून नुकतीच आलेली, सही करते.

सात वर्षं ती गंगापूर धरणाच्या अंगाला
दुसऱ्यांच्या द्राक्षांची वाइन करतेय.
पहिल्या वर्षी म्हणाली होती,
तुमच्याकडे वेलीला झोपच नाही.
आमच्याकडे हिवाळ्यात मेल्यासारखी पडते,
कुणी उठवत नाही तिला.
तुम्ही दोनदा छाटता आणि दोनदा फुटायला लावता.
मी हसलो होतो.
तेव्हा इरा नव्हती
आणि तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं नव्हतं.

रात्री ती मला पोर्तुगीज शिकवते.
चावीला काय? शाव्ह.
साबण? साबांव.
पिंपळगावला कांद्याच्या ट्रॅक्टरपाशी ओरडून होतो
तो लिलावही तिकडचाच निघाला,
ती वाइन मुरवते ते पिंपसुद्धा.
पगार तर जसाच्या तसा,
फक्त त्यांच्यात पगार म्हणजे देणं.
कधीकाळी कुणीतरी जहाजातून हे उतरवून ठेवलं
आणि उचलायचं विसरलं.
आता मी परत करायला निघालोय.
तेवीस किलोंत हे धरत नाहीत, मी म्हणालो.
ती हसली नाही.

खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीताई म्हणाल्या,
म्हणजे तू सासरी निघालास म्हण की.
जिन्यात सगळे हसले, मीही.
रात्री इनेशला विचारलं,
माहेरला काय म्हणतात तुमच्यात?
बराच विचार करून म्हणाली, काझा.
आणि घराला?
काझा.
मग दिवा बंद केला.
रस्त्यावर उशिरापर्यंत कुणीतरी
सुरू न होणारी रिक्षा सुरू करत होतं.

अप्पा येणार नाहीत.
इथला औषधवाला ओळखीचा आहे, एवढंच कारण सांगितलं.
चौतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये नोटा छापल्या,
रोज संध्याकाळी गेटवर झडती देऊन घरी आले,
घरी आल्यावर आत काय चालतं
ते आईलाही कधी सांगितलं नाही.
न बोलण्याची त्यांना नोकरीपासूनची सवय.

काल इरा वीस युरोची नोट घेऊन
बाहुलीची भाजी आणायला निघाली होती.
अप्पांनी ती मागून घेतली.
ट्यूबलाइटसमोर धरली,
चष्मा कपाळावर नेला,
अंगठ्यानं कडेकडेनं चाचपली,
एकदा कानाजवळ नेऊन फडकवली.
आम्ही दोघं बॅगेचं वजन करायचं थांबलो.
दोऱ्याचं काम स्वच्छ आहे, ते म्हणाले.
कागद चांगला आहे.
आणि जरा वेळानं,
कोपरे मात्र लवकर दुमडतील.
नोट त्यांनी इराला परत दिली,
दोन्ही हातांनी, मोजून दिल्यासारखी.

सकाळी दूध आत ठेवायला गेलो
तर फ्रिजवरच्या यादीत तिसरं हस्ताक्षर,
प्रेसच्या रजिस्टरात असायचं तसं ताठ, निळं.
गॅस माझ्या नावावर करून घेणे.