भागाकार

राम मारुती रोडवर बिल आलं दोनशे ऐंशी.
"सत्तर," शरयूताई म्हणाल्या, चष्मा न काढता.
मी दुरुस्त केलं नाही.

बुडापेस्टची सवय ती. तिकडे सगळ्याला चारनं भागायचं,
एवढंच मुलानं कागदावर लिहून दिलं होतं.
जायचं होतं खरं विद्याधरला आणि मला.
त्याचा गुडघा ऐन वेळी रुसला,
आणि जाऊबाईंकडे व्हिसा होता,
लेकीच्या बाळंतपणातला, तीन महिने उरलेला.
पाचपाखाडीत आमची दारं समोरासमोर.
मध्ये चार फूट लादी आणि चौदा वर्षं,
सासूबाईंच्या पितळी पातेल्यावरून.
पातेलं त्यांच्याकडे. झाकण माझ्याकडे.

तर आम्ही दोघी भागत सुटलो.
ट्राम, पोस्टकार्ड, घुमटावर चढायच्या पायऱ्या,
स्वच्छतागृहाचे दोनशे फोरिंट.
"पन्नास रुपये! मला मुळी लागलीच नाहीये,"
म्हणत त्यांनी अख्खा पूल ओठ आवळून ओलांडला.

तिकडे हॉटेलांच्या बाहेरच पाट्या असतात.
आत न जाता सगळं वाचता येतं.
आम्ही सात हॉटेलं वाचली.
आठव्यात बसलो, कारण पाय.
यात मांस नाही ना, मी हातवाऱ्यांनी विचारलं,
शरयूताईंनी सरळ मराठीत.
त्यांचंच त्याला कळलं.
सूप आलं ते गार. गुलाबी. आंबट चेरीचं.
पहिला चमचा घेऊन त्या बराच वेळ गप्प.
"सोलकढी करायला निघाली होती बिचारी,
मध्येच कुणीतरी बेल वाजवली."
मी हसले ते नाकात गेलं.
दुसरी वाटी आणू का, त्यानं दोन बोटं दाखवली.
"नको रे," त्या म्हणाल्या, "एकात भागतं."

गरम पाण्याच्या कुंडात म्हातारे छातीभर बुडून
बुद्धिबळ खेळत होते.
"वज्रेश्वरीला हा पट नेऊन ठेवला
तर आमचे हे चार-चार दिवस घरी यायचे नाहीत,"
असं म्हणाल्या, आणि भावजी जाऊन
सहा वर्षं झाली हे दोघींना एकदमच आठवलं.

शेवटच्या दिवशी नदीकाठानं येताना बुटांची रांग दिसली.
लोखंडी. अगदी कडेला.
बायकांचे, कामगारांचे, एक जोड तर वीतभर.
युद्धात इथे माणसं उभी करून, आधी बूट काढायला लावून...
फलक मी वाचून दाखवला. पूर्ण नाही.
शरयूताई वाकल्या
आणि त्या वीतभर जोडातला कलंडलेला बूट
सरळ करू लागल्या,
जशा आमच्या दारासमोरच्या चपला
रोज पहाटे, मी झोपेत आहे असं समजून,
सरळ करतात.
लोखंड हललं नाही.
त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं.

आता शनिवारी आम्ही ठाणं बघायला निघतो.
हात मागे बांधून, सावकाश, तिकडच्यासारखं.
चाळीस वर्षं मी तलावपाळीला वळसा घालतेय
ती रिक्षातून, पिशव्या मांडीवर घेऊन.
कोपिनेश्वराच्या कळसाकडे बोट दाखवून त्या विचारतात,
"हे कधीचं गं?"
"जुनं आहे," मी म्हणते. मला येत नाही.
वल्ह्याच्या बोटींना दिवे लागतात, कणसांचा धूर येतो,
एक पोरगं बापाला चुकवून पाण्यात दगड टाकतं.
मग कुठेतरी जेवायचं. पाणी साधं की बाटली?
"साधं. फुकटच ना?"
एक थालीपीठ, दोन ताटल्या.

पहाटे दाराबाहेर चपलांचा तेवढा आवाज होतो.
मी जागीच असते.
काल झाकण चिंचेनं घासलं.
ओट्यावर उपडं ठेवलंय, पाणी निथळायला.
अजून दिलं नाही.