ङ आवृत्ती

उद्यमबागेत, क्रँकशाफ्टच्या कारखान्याच्या माडीवर
आम्ही पाच जण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो.
जगात कुणाला ठाऊक नाही असली.
लेथला जोडायच्या करड्या डब्यात ती राहते
आणि दोन शतांश मिलिमीटर जरी चुकली
तरी भैरूअण्णा हलगेकर फोनवरून आमचा उद्धार करतात.

आवृत्तीला आकडा असतोच.
पण आकड्यावर कुणाचा जीव जडत नाही,
म्हणून एक आतलं नाव.
डब्यावर नाही, बिलावर नाही,
घरात हाक मारायच्या नावासारखं.

नावावरून या गावात काय काय झालंय, सांगायला नको.
पाट्या एकीवर एक इतक्या रंगवल्यात
की खरवडायला घेतलं तर पत्रा लागत नाही लवकर.
तेव्हा पहिल्याच दिवशी शिवलीला हुक्केरी म्हणाली,
क पासून जाऊ.
तुमचा क, आमचा क.
वळण वेगळं, रांग तीच.

क म्हणजे कुंदा. एकमतानं, अर्धा किलो मागवून.
गोड होता, पण दर तासाला थिजायचा.
ख ला खानापूर, इनासच्या हट्टापायी.
ग ला गोकाक,
आणि तिच्यातून मेमरी अशी कोसळायची
की नाव ठेवताना जीभ चावायला हवी होती.
घटप्रभा मात्र दोन वर्षं वाहिली,
उन्हाळ्यातसुद्धा.

मग आला ङ.

माझ्या शाळेच्या तक्त्यात त्या चौकोनात चित्र नव्हतं.
शिवलीलाच्याही नव्हतं.
तिच्या टीचरनं, माझ्या बाईंनी,
दोघींनी छडी तिथून उचलून
घाईघाईनं च वर ठेवलेली.

इनास म्हणाला, सोडा की, पुढं चोर्ला आहे,
आख्खा घाट आहे.
शिवलीला म्हणाली, रांग मोडायची नाही.
चार महिने आम्ही त्या आवृत्तीला
नाकातून हाक मारत होतो.
चहा आणणारा पोरगा समजायचा, सगळ्यांना सर्दी झालीय.

गेल्या मंगळवारी ती भैरूअण्णांच्या लेथवर चढवली.
"नाव काय ठेवलासा हेचं?"
आम्ही दोघं एकदमच बोललो.
"काय?" म्हणून त्यांनी कान पुढं केला.

तेवढ्यात स्पिंडल फिरू लागला,
बारीक, सलग,
टाळूच्या मागून निघाल्यासारखा.

"हां," भैरूअण्णा म्हणाले,
आणि कपाळावरचा चष्मा खाली घेतला.