हवेचा मांडा

नाशिकहून मी छापील कागद आणला होता,
अकरा आसनं, प्रत्येकासमोर मिनिटं,
खाली शिक्का.
झेलाबाईनं तो उलटा धरला, सुलटा धरला,
मग घडी करून
खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला.
"आते बठ. हालस नही."

नंदुरबार, माघातली सकाळ.
मिरचीच्या पथारीवरून वारा आला
की आमचा प्राणायाम तिथंच संपायचा.
दोघी खोकायचो, डोळ्यांतून धारा.
"हाई बी शिकाडं व्हतं का तुले?" ती विचारायची.

चाळीस वर्षं मांडे केले तिनं.
लग्नाचे, गंधमुक्तीचे, आखाजीचे.
पुरण भरलेला सैल गोळा
या कोपरावरून त्या कोपरावर
फिरत फिरत छत्रीएवढा व्हायचा
आणि पालथ्या खापरावर उतरायचा, आवाज न करता.
आईबापानं नाव कशावरून ठेवलं, देव जाणे.
हात मात्र नावाला जागले.

पोळ्यापासून उजवा हात कानापर्यंत जाईना.
वेणी सून घालते.
पाठीमागची गाठ (हे ती बोलली नाही, मीच पाहिलं)
सैलच असते.
इथल्या डॉक्टरनं धुळ्याला पाठवलं,
धुळ्यानं फोटो काढला,
फोटोत काही निघालं नाही.
झेलाबाईही निघाली नाही.

वर्गात तीस जणं असती
तर मी म्हटलं असतं, हात वर, श्वास आत,
आणि घड्याळाकडे पाहिलं असतं.
इथं एकच खाट, एकच खांदा.
एकटीच्या समोर बसलं की लपायला जागा राहत नाही,
तिलाही, मलाही.

भिंतीवर बोटं चढवायला सांगितली.
एक वीट, दोन विटा, तिसरी.
चौथीला थांबायची.
चौथ्या विटेला दुखतं, असं मी वहीत लिहिलं.
आठव्या दिवशी ते खोडलं.
दुखायच्या आधीच ती श्वास धरत होती.
ओठ मिटलेले, मान ताठ,
नजर नसलेल्या खापरावर.
चाळीस वर्षं, प्रत्येक मांडा टाकताना,
फाटू नये म्हणून.

"मांडा करा," मी म्हटलं.
"पीठ?"
नाही.
"खापर?"
तेही नाही.
"मंग काय, हवाना मांडा?"
हो. तो फाटत नाही.
टाकताना फक्त श्वास सोडायचा.

हसली. पदर खोचला.
सवयीनं बोटं पाण्यात बुडवल्यासारखी केली
आणि सुरू झाली.
डाव्या कोपरावर सुरेख आला.
उजव्यावर घेताना पडला.
हवेचाच होता,
तरी दोघींनी खाली पाहिलं.

मग रोज तेच.
मी दुसरं काही शिकवलं नाही.
फाल्गुनात तो वाटीएवढा होता,
होळीनंतर ताटाएवढा,
एकदा तर परातीएवढा झाला
आणि त्या रात्री खांदा इतका ठणकला
की दोन दिवस तिनं दार उघडलं नाही.
चूक माझी होती. वहीत तीही आहे.

आखाजीला हात कानापर्यंत जातो.
त्याच्यावर नाही. अजून नाही,
कदाचित नाहीच.
साठ मांड्यांची ऑर्डर आहे,
चुलीपुढे सून, हर्षाली, घामानं निथळती,
आणि पाटावर झेलाबाई, ओरडत,
"दम धरू नको वं! टाकानी येले सोड!"

मला बसायला चटई हवी होती.
"वर शे," म्हणाली.
गच्चीवर गेले.
माझी जांभळी चटई उन्हात पसरलेली,
तिच्यावर धुतलेलं लुगडं,
लुगड्यावर बिबडे, ओळीनं.
उजवीकडची ओळ
कठड्यापर्यंत गेलेली, थोडी वाकडी.
मी उभीच राहिले.