तळपायाचं घड्याळ

घड्याळ इनासला दोन्हीकडून निरुपयोगी.
एक तर तो ठार बहिरा,
आणि दिवाडीची भरती काही काट्यांना बांधलेली नाही;
रोज पाऊण तास उशिरा येते
उधारी द्यायला निघालेल्या माणसासारखी.

मानशीच्या फळ्या वेळेत पडल्या नाहीत
की खारं पाणी थेट कोरगुटाच्या शेतात.
दोनदा तसं झालं.
गांवकारीनं तिसऱ्यांदा दंड लिहिला, तेव्हा
माझे वडील, सोयरू च्यारी,
कुणाची तरी होडी अर्धी तासून टाकून
बांधावर जाऊन बसले.
तीन दिवस नुसतं पाणी बघत.
आई म्हणाली, ह्यांना आता नारळ ओवाळा.

चौथ्या दिवशी त्यांनी पांगाऱ्याचा ओंडका पोखरला.
पाणी चढेल तसा ओंडका चढायचा,
काथ्याचा दोर सैल पडायचा
बांधावरून, दोन खुंट्यांवरून,
इनासच्या खोपीच्या झावळ्यांतून आतपर्यंत.
टोकाला करटी. करटीत खाडीचंच पाणी.
दोर सुटला की ती कलंडायची
झोपलेल्या इनासच्या उघड्या तळपायांवर.

पहिल्या रात्री तो शिव्या देत उठला.
शिव्या पार धक्क्यापर्यंत गेल्या;
बहिऱ्याला आपला आवाज कुठे कळतो!
फळ्या मात्र वेळेत पडल्या.

मग कुणीतरी वडिलांच्या डोक्यात भरवलं
की अशा गोष्टीची सरकारदरबारी नोंद होते.
लग्नातला कोट घालून
मांडीवर ओंडका घेऊन
ते गाझोलिनीतून पणजीला गेले.
कारकुनानं विचारलं, नाव काय?
वडिलांनी स्वतःचं सांगितलं.
यंत्राचं, तो म्हणाला.
त्याला नाव ठेवायचं असतं हे कुणाला ठाऊक!
उपयोग?
बहिऱ्याच्या पायावर पाणी ओतणं.
सबंध कचेरी हसली.
शिक्क्याच्या कागदावर त्यानं एकच शब्द लिहिला: खेळणं.
तो कागद माझ्याकडे आहे.
ओंडका नाही, करटी नाही,
मानशीलाही आता लोखंडी चाक आहे.

इनास गेला त्या पावसाळ्यानंतर
मानस त्याच्या मुलीकडे आली, एस्पेरांसकडे.
तिचे कान मांजरीसारखे.
म्हणून वडील पितळी घंटा घेऊन गेले,
मी पाठोपाठ, हातात हातोडी.
खोपीत तीच चटई, वर तीच करटी,
काठोकाठ भरलेली.
चटईच्या पायथ्याला मिठाचा पांढरा थर.

वडिलांनी तो नखानं खरवडला,
जिभेला लावला,
चटईची लांबी वितीनं मोजली.
मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले,
पाणी तुझ्या पायांपलीकडे पडतंय, बाये.
तू त्याच्याहून हातभर बुटकी.
दोर सरकवून देतो.

राहू दे, ती म्हणाली.
ओतण्याचा आवाज येतो.

घंटा आम्ही परत आणली.
वाटेत वडील एकदाच बोलले:
हातोडी नीट धर, पायावर पडेल.